लाल पुस्तक, पिवळं पुस्तक आणि येळवसची सुट्टी

डाळीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. दिवसभर कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात चुरीचा ढीग असतोच. तो कुठून येतो ते कळत नाही. आमच्या टाइम ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. आम्ही जुन्या बायका कुणाच्या लग्नात भेटलो की एकीनं एक किस्सा काढायचा अवकाश, पंगती उठून जातात तरी आमचं संपत नाही. आणि गंमत म्हणजे सगळे किस्से एकाच गोष्टीवरचे. सुट्टी!

कारखाना कर्नाटकात, भालकीच्या पुढं, उदगीरच्या रस्त्याला होता. पुण्याच्या कंपनीनं काढलेला. तूर इथली, माणसं इथली, हुकूम मात्र पुण्याहून यायचे. मी मॅट्रिक झालेली, म्हणून पॅकिंगमधून उचलून मला टाइम ऑफिसात बसवलं. हजेरी घ्यायची आणि बायकांना सुट्टीचे अर्ज लिहून द्यायचे. सगळे मला सुमनअक्का म्हणायचे.

ऑफिसात दोन मोठी टेबलं. एकावर जोगळेकर साहेब, पुण्याहून आलेले पर्सोनेल ऑफिसर. दुसऱ्यावर शिवशरणप्पा अण्णा, आळंदकडचे हेडक्लार्क. साहेबांजवळ लाल पुठ्ठ्याचं पुस्तक, त्यात दिल्लीचे कायदे. अण्णांजवळ पिवळ्या पुठ्ठ्याचं, त्यात बेंगळूरचे. माणसं दोघंही चांगली. पण कुणी सुट्टी मागितली की दोन्ही पुस्तकं एकदम उघडायची, आणि मागणारा दारात उभा राहून राहून शेवटी कामावरच निघून जायचा!

बहुतेक वेळा हे हसण्यावारी जायचं. एकदा मात्र गेलं नाही. आमच्या रुक्मिणीची बाळंतपणाची पगारी सुट्टी या दोन पुस्तकांच्या मधोमध एका दिवसासाठी अडकली. ती मिळाली की नाही ते शेवटी सांगते. आधी बाकीचं ऐका, नाहीतर त्यातली मजा कळायची नाही.

*

सुट्टीच्या नियमांचा बोर्ड लावायचा होता. पुण्याचा हुकूम होता इंग्रजीचा. अण्णा म्हणाले, "कन्नड पाहिजेच. हे कर्नाटक हाय." आणि वाचणाऱ्या बायका सगळ्या मराठी बोलणाऱ्या. शेवटी बोर्डाचे तीन भाग केले. साहेबांनी लाल पुस्तकातून इंग्रजी लिहिलं, अण्णांनी पिवळ्यातून कन्नड. मराठी माझ्याकडं आलं. मला कायद्याची भाषा कुठली यायला! मी आपलं लिहिलं, "अडचण असेल तर सुट्टी मिळेल. सांगून जावे."

कलबुर्गीहून लेबर इन्स्पेक्टर आले. इकडचेच असल्यामुळं त्यांना तिन्ही भाषा येत होत्या, हीच आमची पंचाईत! त्यांनी बोर्ड डावीकडून उजवीकडं वाचला, मग उजवीकडून डावीकडं वाचला.

"इंग्रजीत एक, कन्नडात एक, मराठीत तिसरंच. यातलं खरं कोणतं?"

साहेबांनी लाल पुस्तक पुढं केलं. अण्णांनी पिवळं. मी तर भिंतीला चिकटले. मागं पॅकिंगमधली मस्तानबी चाळणी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "जिसमें छुट्टी ज्यादा, वोइच खरा साब!"

आम्हाला वाटलं, आता मेमो. इन्स्पेक्टर चष्मा पुसत म्हणाले, "कायद्याचा पण साधारण तसाच कल असतोय बाई. तुम्ही वकील कामून झाला न्हाई?"

त्या दिवसापासून कुणाचाही अर्ज अडला की मस्तानबी चाळणी आपटायची आणि म्हणायची, "बुलाव वकील को!"

*

हिरामण मामा आमचे वॉचमन. धनगराचं घर, थोडी शेती आणि अजूनही पाच-पंचवीस मेंढरं. दरवर्षी पावसाच्या तोंडावर त्यांना सुट्टी लागायची. अर्जात कारण काय लिहू विचारलं तर म्हणाले, "लोकर."

मी लिहिलं, "कारण : लोकर."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "लोकर म्हणजे काय कारण झालं का मामा?"

"मेंढरं कातरायची हायेत साहेब. पावसात भिजली लोकर की अंगावर जड व्हतीय, मेंढरू आजारी पडतंय."

साहेबांनी लाल पुस्तक उघडलं. "हक्काची रजा आहे तुमची, नाही म्हणत नाही. पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यायला हवा. इथं लिहिलंय."

अण्णांनी पिवळं पुस्तक उघडलं, त्यात लोकर सापडेना म्हणून मिटलं.

मामांनी टोपी काढून हातात घेतली आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, आभाळ भरून आलंय बगा. त्यानं तुमच्याकडं पंधरा दिस आधी अर्ज दिलता का?"

रजा मंजूर झाली. पुण्याला कळवताना मात्र साहेबांनी कारण बदललं. "घरगुती" लिहिलं. मामांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "मेंढरं घरचीच हायेत की!"

*

या मामांचा गेटवर एक नियम होता. सुट्टीवर असलेल्या माणसाला आत सोडायचं नाही. झालं असं की मागं एकजण सुट्टी टाकून कारखान्यातच पत्ते खेळत बसला होता आणि बोलणी मामांना बसली. तेव्हा साहेबांनीच हुकूम काढला, "जो सुट्टीवर, तो गेटबाहेर."

पुढं साहेबांनीच दोन दिवस रजा घेतली. पुण्याला जायचं होतं. बसस्टँडवर गेल्यावर ध्यानात आलं की घराची किल्ली टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिली. ऑटो करून परत आले. मामा गेटला आडवे उभे.

"मामा, सरका."

"साहेब, तुमी आज सुट्टीवर हाव."

"अहो, मी आहे!"

"तुमी हाव ते दिसायलंय की. पर सुट्टीवर हाव."

"हुकूम मीच काढलाय ना!"

"म्हणूनच तर पाळायलोय!"

शेवटी मी ड्रॉवर उघडून किल्ली गेटवर नेऊन दिली. साहेब ऑटोत बसताना एवढंच म्हणाले, "अक्का, या माणसाचा पगार वाढवायला पाहिजे." तो काही वाढला नाही. पण नियम पक्का झाला.

*

मतदानाचा किस्सा बळीरामचा. बळीराम मशीन ऑपरेटर. त्याचं गाव सरहद्दीच्या पलीकडं, उदगीर तालुक्यात. रोज सायकलनं यायचा. सकाळी महाराष्ट्र, दुपारची भाकरी कर्नाटकात, रात्री परत महाराष्ट्र.

लोकसभेची निवडणूक लागली. मतदान आपल्याकडं एका दिवशी, त्यांच्याकडं वेगळ्याच दिवशी. आपल्या मतदानाला कारखाना बंद, म्हणजे बळीरामला आपोआप सुट्टी. मग त्याच्याकडचं मतदान आलं. लाल पुस्तकात साफ लिहिलेलं, मतदार कुठंही कामाला असो, त्याच्या मतदानाला त्याला पगारी सुट्टी. घेतली त्यानं. दुसऱ्या दिवशी शाई लावलेलं बोट मिरवत आला.

पॅकिंगच्या बायका भडकल्या. गंगाक्का थेट टेबलापुढं येऊन उभी राहिली. तिनं आपलं बोट नाचवलं. "साहेब, माझं बोट एक, सुट्टी एक. ह्याचं बोट एक, सुट्ट्या दोन! ह्यो काय दोन राज्यांचा जावई हाय?"

साहेब अण्णांकडं वळले. अण्णा म्हणाले, "तुमचं लाल पुस्तक."

बळीराम मात्र उगाच बोलला, "अक्का, तू बी लग्न पलीकडं करायला पायजे हुतीस."

"माझा नवरा पलीकडचाच हाय रे मुडद्या!" गंगाक्का म्हणाली. "घरजावई झालाय, त्यातच माझी सुट्टी गेली!"

*

आता येळवस. आमच्या भागाबाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं. मार्गशीर्षाच्या अमावास्येला इकडं घरं बंद आणि शेतं भरलेली असतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, आंबील शेतभर शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, खीर. भज्जी म्हणजे ताज्या शेंगा, भाज्या, बेसन आणि ताक घालून केलेली भाजी, ती वाटीनं नाही, ताटानं खायची असते. शेत नसलेला माणूस त्या दिवशी कुणाच्याही शेतात जाऊन जेवतो. गाव पार ओस पडतं.

साहेबांचं इथलं ते पहिलंच वर्ष होतं. आम्ही सुट्टी मागितली. साहेबांनी लाल पुस्तक बघितलं, नाही. पुण्याची यादी बघितली, नाही. अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "पिवळ्यात सणाचं नाव लिहिलेलं नसतंय साहेब. सव्वीस जानेवारीसारखे दिवस ठरवून दिलेत, सण कामगारांना विचारून धरायचे आणि यादीवर लेबर ऑफिसचा शिक्का घ्यायचा. यंदा तुमी विचारलंच न्हाई."

"मग यंदा नाही," साहेब म्हणाले. "उद्या कारखाना चालू."

दुसऱ्या दिवशी कारखाना चालू होता. म्हणजे दिवे चालू होते. माणूस एक नव्हतं. मी नव्हते, अण्णाही नव्हते. साहेब एकटेच टेबलाशी लाल पुस्तक घेऊन बसलेले. हॉटेलंही बंद, त्यामुळं डबा नाही. दुपारी हिरामण मामा कुलूप बघायला आले तर साहेब पाणी पिऊन बसलेले दिसले.

"साहेब, जेवलाव का?"

"नाही."

"मग कोणच्या कायद्यानं उपाशी बसलाव? चला."

सायकलवर डबलसीट बसवून मामांनी साहेबांना शेतावर आणलं. आम्ही सगळ्या तिथंच होतो, कारण मामांची खोप सगळ्यांत मोठी. साहेब आधी लाजले. मग जेवले. मग आणखी जेवले. आंबिलीचा तिसरा तांब्या संपला आणि साहेब खोपीत आडवे झाले ते दिवस कलल्यावर उठले. कपाळाला कडब्याचा पाला चिकटलेला.

दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायची वेळ आली. मी भीत भीत विचारलं, "साहेब, काल सगळ्यांना गैरहजर लावू?"

साहेबांनी हजेरीचं पान आपल्याकडं ओढलं. "माझं काय लावणार?"

"तुम्ही पण नव्हता."

"होतो. अर्धा दिवस होतो."

"मग सगळ्यांना अर्धा लावू का?" मी विचारलं.

अण्णा पिवळ्या पुस्तकाच्या आड तोंड लपवून हसत होते!

पुढच्या वर्षी साहेबांनी आम्हाला रीतसर विचारलं. पुण्याच्या यादीत अनंत चतुर्दशी होती. पुण्यात त्या दिवशी मिरवणुका निघतात, इकडं त्या दिवशी कुणाला काहीच काम नसतं. ती काढली आणि तिथं येळवस घातली. यादीवर शिक्का घ्यायला अण्णा कलबुर्गीला गेले. तिथल्या साहेबानं फक्त एकच प्रश्न विचारला, "भज्जी कुणाच्या शेतात असतीय?"

तेव्हापासून साहेब दरवर्षी एकेकाच्या शेतावर जेवायला जायचे. सप्टेंबरपासूनच निमंत्रणं सुरू व्हायची.

*

आणि आता रुक्मिणी.

रुक्मिणी दिवाळीनंतर कामाला लागली. त्याआधी ठेकेदाराच्या हाताखाली रस्त्याच्या कामावर होती. तिथं पोटुशी असताना शेवटपर्यंत खडी उचलली आणि ते मूल राहिलं नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, परत कधी बोलली नाही. आता बऱ्याच वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते. घरचं शेत एवढंसं, म्हणून नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. कंपनीची नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली होती, "अक्का, यंदा मला घरी बसून बाळंत व्हायचंय. बस."

माघ निघाला आणि तिचे पाय सुजले. बिदरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता एक दिवसही उभं राहायचं नाही. मी अर्ज लिहिला. साहेबांनी लाल पुस्तक काढलं. त्यात होतं, बाळंतपणाच्या आधीच्या वर्षात ऐंशी दिवस काम भरलं पाहिजे, तरच पगारी सुट्टी.

मी हजेरी मोजली. अठ्ठ्याहत्तर!

"सव्वीस जानेवारी धरा," अण्णा म्हणाले. "ती तर पगारी सुट्टी हाय." धरली. एकोणऐंशी.

एक दिवस कमी. आणि तो नाही भरला तर पगार नाहीच, वर पुण्याचा नियम असा की नवीन माणूस बिनपगारी फार दिवस घरी राहिला की नाव कमी.

ही बातमी रुक्मिणीपर्यंत कशी गेली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेटवर हजर! बसनं आली होती. चपला पायात जाईनात म्हणून हातात घेतलेल्या.

"मामा, गेट उघडा. एक दिस भरते आन् जाते."

मामांनी तिच्या पायांकडं बघितलं. मग खिसे चाचपले. "किल्ली कुटं गेली की पोरी. सापडंना. बस जरा बाजंवर."

किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती. ती मला खिडकीतून दिसत होती, रुक्मिणीलाही दिसत असणार.

"मामा, बाकीचे समदे आत गेले की!"

"ते गेले तवा हुती. आता न्हाई."

आत ऑफिसात काय चाललं होतं ते सांगते. साहेब फोन लावून बसले होते पुण्याला. समोर दोन्ही पुस्तकं. त्या दिवशी मी एक गोष्ट पहिल्यांदाच बघितली. साहेबांच्या हातात पिवळं पुस्तक होतं आणि अण्णांच्या हातात लाल! दोघं रात्री दुसऱ्याचं पुस्तक घरी घेऊन गेले होते. अण्णा लाल पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून उभे होते.

फोन लागला. हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांचा आवाज एवढा मोठा की आम्हाला पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं.

"जोगळेकर, एकोणऐंशी म्हणजे एकोणऐंशी. दिल्लीचा कायदा आहे."

"हो सर. पण त्याच कायद्यात पुढं लिहिलंय," साहेब म्हणाले. अण्णांनी पुस्तक त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं. "दुसऱ्या कुठल्याही कायद्यानं दिलेली पगारी सुट्टी असेल तर तो दिवसही मोजायचा. म्हणून तर सव्वीस जानेवारी धरली. आणखी एक सुट्टी आहे."

"कुठली?"

"येळवस."

"काय?"

"येळवस, सर. इथला सण आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे यादीत घेतलाय, लेबर ऑफिसचा शिक्का आहे."

"यादी तर इथून जाते. तिच्यात असलं काही नाही."

साहेबांनी घसा साफ केला. "अनंत चतुर्दशी काढून घातलाय."

अण्णांनी डोळे मिटले. मी पदराचं टोक दातात धरलं. खिडकीतून बघितलं तर रुक्मिणी बाजेवरून उठून गेटचे गज धरून उभी, आणि मामा जमिनीवर वाकून किल्ली शोधायलेत.

"जोगळेकर," आवाज आला. "मला कायदा सांगू नका. एक साधी गोष्ट सांगा. त्या दिवशी ही बाई काय करत होती? घरी झोपली होती ना? मग तो कामाचा दिवस कसा धरायचा?"

साहेबांनी दोन्ही पुस्तकांकडं बघितलं. मग पिवळं मिटून टेबलावर ठेवलं.

"झोपली नव्हती सर. यंदा आम्ही तिच्याच शेतावर होतो. मी, अण्णा, सगळं पॅकिंग. नवराही आला होता हैदराबादहून. पण सगळ्यांना वाढत होती ती. मी तीनदा नको म्हणालो तरी भज्जी वाढत होती. पोटात बाळ आणि हातात पातेलं. आम्ही सगळे जेवून झोपलो आणि ही भांडी घासत होती."

पलीकडचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"एवढ्या सगळ्यांना वाढलं तिनं?"

"हो सर."

"मग कामच केलं की हो! धरा ऐंशी."

फोन ठेवल्यावर अण्णांनी आपलं पिवळं पुस्तक उचलायच्या ऐवजी साहेबांचं लालच काखेत मारलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी धावत गेटवर गेले. धावता धावताच ओरडले, "मामा, मंजूर झाली! आजपासनं सुट्टी!"

रुक्मिणीनं गज सोडले नाहीत. तिला खरं वाटेना. "अक्का, थांबा, मी आत येऊन साहेबाच्या तोंडानंच ऐकते. मामा, उघडा."

मामा जमिनीवरून उठले. गुडघे झाडले. करगोट्याची किल्ली चाचपली, ती जागेवर होती. मग गेटला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"जा घरी पोरी. सुट्टीवरच्या माणसाला आत सोडायचा हुकूम न्हाई!"